पायथ्याशी उभी गाडी

मी तोरणमाळला माणसं न्यायला लागलो, त्यानंतर चांगले दोन हिवाळे, ज्या तळ्यासाठी लोक माझ्या गाडीत बसत होते ते तळं मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. हे सांगितलं की ऐकणारा हसतो. माझा नातूही हसला. म्हणाला, आजोबा, हलवायानं कधी पेढा चाखलाच नाही असं कुठं असतं का? असतं, बाबा. धंद्यात असंही असतं.

मी मोटार ड्रायव्हर. मूळचा धुळ्याचा, पण उमेदीची वर्षं जळगावात मगनशेठच्या गाडीवर गेली. तेव्हा जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणत नसत, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश म्हणत. स्वातंत्र्य नुकतं मिळालं होतं. एस.टी. एकेका रस्त्यावर येऊ लागली तशा खाजगी मालकांच्या लाइनी बंद होत गेल्या. कोणी गाडी विकली, कोणी वरची बॉडी उतरवून तिचा ट्रक केला. मगनशेठचा जीव मात्र गाडीत अडकलेला. लढाईच्या वेळची जुनी मोटार त्यांनी घेतली होती आणि तिच्यावर स्वतः उभं राहून सागवानी बॉडी चढवून घेतली होती. तिचा ट्रक करायचा म्हटलं की ते जेवणावरून उठत.

त्यांना सहलीची कल्पना सुचली ती केळीवाल्यांमुळं. फैजपूर, सावदा, यावल या भागातले शेतकरी तेव्हा आगगाडीनं केळी पाठवत. शेठ म्हणाले, "रघू, यांची केळी दिल्ली बघून येतात आणि घरची माणसं सावद्याच्या बाजारापलीकडं गेलेली नाहीत. यांना डोंगर दाखव, तळं दाखव. जातील." आणि खरंच लोक आले. संक्रांत झाली की होळीपर्यंत आमच्या खेपा चालू.

आता सहल म्हटलं की लोक गादीवर बसून जातात. आमची सहल कशी असे ते सांगतो. फैजपूरहून निघायचं, यावल, चोपडा, शिरपूर करत, सातपुडा उजव्या हाताला धरून थेट शहाद्याला, तिथं रात्रीचा मुक्काम. रस्ता बराचसा कच्चा. नदी आली की वाळू, आणि वाळू आली की सगळ्यांनी खाली उतरून गाडी ढकलायची. चढ आला की पुरुषांनी उतरून चालायचं. शहाद्यापुढं डोंगराच्या पायथ्याशी पावरा आदिवासींचा एक पाडा होता, तिथं गाडीचा रस्ता संपे. वरपर्यंत मोटार जात नव्हती. पुढं पायवाट. सामान पाठीवर बांधून दुपारपर्यंत चढायचं, वर तळ्याकाठी मुक्काम, आणि मनसोक्त फिरून तसंच खाली यायचं.

म्हणून आदल्या दिवशी मी गावात जाऊन लोकांना पाठीवरची वळकटी बांधायला शिकवायचो. घोंगडी अंथरायची, तिच्यात एक जोड कपडे, तांब्या आणि शिधा ठेवायचा, घट्ट गुंडाळायची, दोन्ही टोकांना मऊ सुताची दोरी बांधून ती खांद्यावरून काखेत घ्यायची. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. "हात मोकळे ठेवून जेवढं नेता येईल तेवढं तुमचं," मी सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन हजर व्हायचे. एकानं हार्मोनियम आणली होती. एका बाईनं वरवंटा आणला होता, पाटा का नाही आणला विचारलं तर म्हणाली, "पाट्याले दगड काय, डोंगरात सापडंल."

जळगावचे एक भुसार व्यापारी होते. त्यांना बाहेरचं पाणी बाधायचं, म्हणून त्यांनी घरचं पाणी तांब्याच्या मोठ्या घागरीत भरून, तोंडाला फडकं बांधून, सीटवर शेजारी ठेवलं होतं. घागरीला वेगळी जागा घेतली होती. चोपड्याच्या पुढं रेडिएटर उकळला. त्या काळी रेडिएटर उकळणं म्हणजे बैल बसण्यासारखं. पाणी पाजल्याशिवाय उठायचं नाव नाही. जवळपास ना विहीर ना नाला. सगळ्या गाडीची नजर घागरीवर. ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी स्वतःच उठले, फडकं सोडलं आणि म्हणाले, "घे रे बाबा, पाज तिला. तिची तहान माझ्यापेक्षा मोठी आहे." परत येताना त्याच घागरीत त्यांनी तळ्याचं पाणी भरून आणलं. पावऱ्यांनी ती घागर आळीपाळीनं डोक्यावर घेऊन डोंगराखाली आणली. घरी नेऊन त्यांनी ते पाणी वाड्यातल्या प्रत्येकाला पळीपळी पाजलं, असं नंतर त्यांचा मुनीम हसत सांगत होता.

एक नवं जोडपंही आठवतं. नवऱ्याचे काका गाडीत होते म्हणून तो पुढं बसलेला आणि ती पार मागं बायकांत. दोघं एकमेकांकडं बघायचेसुद्धा नाहीत. चढताना दोन वळकट्या घेऊन गेले. उतरले तेव्हा एकच मोठी वळकटी, त्याच्या पाठीवर, आणि ती पुढं मोकळ्या हातानं, मोहाची पडलेली पानं पायांखाली वाजवत चाललेली. काकांनी घसा खाकरला. ती काही थांबली नाही.

ही सगळी माणसं वर जात आणि मी खाली राही. शेठचा सक्त नियम होता, ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. त्याला कारण होतं. दुसऱ्या एका मालकाची गाडी जंगलाच्या कडेला उभी असताना तिची बॅटरी आणि दोन चाकं गेली होती, आणि त्या काळी ती पुन्हा मिळवायला मुंबईपर्यंत खेटे घालावे लागत. क्लीनर होता तोवर दोघं असायचो; तो एस.टी.त लागला, मग मी एकटाच. गाडी धुवायची, ग्रीस भरायचं, चाकांखालचे दगड पाहायचे आणि पाड्यावरच्या दामजाच्या अंगणात बसायचं. दामजा पावरा माझ्याहून वयानं मोठा, बोलायला कमी. त्याची अहिराणी मोडकी, माझी पावरी त्याहून मोडकी. आमचं छान जमायचं.

लोक खाली आले की तळ्याबद्दल बोलत. एक म्हणे, जळगावच्या मेहरूण तळ्याएवढं आहे. दुसरा म्हणे, छे, समुद्र आहे समुद्र. एक बाई म्हणाली, सगळं धुकं होतं, मला काही दिसलंच नाही, पण किती बरं वाटलं! असं ऐकून ऐकून मी डोक्यात माझं एक तळं तयार केलं होतं. नव्या लोकांना मी त्याचंच वर्णन करून सांगायचो, आणि कोणाला शंका आली नाही.

अशातच फैजपूरची ती खेप आली. खेप ठरवली होती तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी. सगळे त्यांना आबा म्हणत. शिस्तीचा पण मनाचा हळवा माणूस. माणसं बहुतेक केळीच्या बागाईतदारांच्या घरची. त्यांत गोदाअक्का होती. साठी उलटलेली, अंगानं किडकिडीत, कपाळावर गोंदलेलं, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. सोबत तिची सून इंदू. मुलांनी आईला नको म्हटलं होतं. अक्का म्हणाली होती, "डोंगर रोज माह्या दारातून दिसतो. एकदा त्याच्या दारात जाऊन येते."

वळकटी बांधायला शिकवताना सगळ्यांत नीट वळकटी तिची झाली होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची दोरी केली होती तिनं, म्हणजे खांदा कापायचा नाही. मी पुढं सगळ्यांना तसंच सांगू लागलो.

शहाद्याहून पहाटे निघून सकाळी लवकर पायथ्याशी पोचलो. लोकांनी वळकट्या पाठीवर घेतल्या. पावऱ्यांनी भांडी आणि पिठाची पोती उचलली. अक्का दहा-वीस पावलं चढली आणि गुडघा धरून दगडावर बसली. गाडीत इतका वेळ बसून तो आखडला होता. आबांनी पावऱ्यांना झोळी करायला सांगितलं. बांबूला चादर बांधून दोघांनी खांद्यावर न्यायची. ती झोळी पाहिली आणि अक्कानं तोंड फिरवलं.

"अशी तर मेल्यावर नेतात. मी नही बसायची तिच्यात."

आबा तिच्या शेजारी उकिडवे बसले. "अक्का, रागावू नका. चढ फार आहे. तुमच्या चालीनं गेलो तर सगळ्यांना जंगलात अंधार पडेल. लहान पोरं आहेत सोबत. तुम्ही गाडीपाशी राहा. रघू आहे इथं."

अक्का इंदूला म्हणाली, "तू जाय. तू पाह्य अन् मले येऊन सांग." इंदू जाईना. अक्कानं तिला हातानं ढकललं. ती डोळे पुसत मागं बघत बघत गेली. झाडांमध्ये ती माणसं दिसेनाशी झाली, तरी त्यांचे आवाज बराच वेळ येत होते. अक्का गाडीच्या पायरीवर बसून ते आवाज ऐकत होती. मला तिच्याकडं बघवेना म्हणून मी उगाचच बॉनेट उघडलं.

थोड्या वेळानं तिनं शिदोरी सोडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

"काय रे भाऊ, तू किती खेपा आला इथी?"

"पुष्कळ, अक्का."

"मंग तूच सांग मले. तळं कसं हाये?"

मी नेहमीसारखं वर्णन सुरू करायला तोंड उघडलं. पण त्या बाईला आता ते तळं दिसायचंच नव्हतं. तिच्याकडं तेवढंच राहणार होतं, मी सांगेन तेवढं. माझ्यानं खोटं बोलवेना.

"मी पाहिलं नाही, अक्का."

तिचा घास हातातच राहिला. "तू नही पाह्यलं? तू लोकायले आनतो, अन् तूच नही पाह्यलं?"

"गाडी सोडून कसं जाणार? शेठचा हुकूम आहे."

तिनं मान वर करून गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कीव केली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. ती रागावली. "तुह्या शेठनं पाह्यलं का?"

"नाही."

"म्हंजे मालकानं नही, डायवरानं नही, अन् आता मी बी नही. तिघं बी इथून इथूनच!" तिनं भाकरीचा तुकडा फडक्यात बांधला आणि उठून उभी राहिली. गुडघा हातानं चोळला, दोन पावलं टाकून पाहिली. "आता सुटला जरासा. चाल. आपुन दोघं जाऊ. आपल्यासाठी कोनी खोळंबेल नही, हळूहळू जाऊ. नही जमलं तर वापस येऊ."

मी म्हटलं, माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, जाऊ शकते. एवढंच म्हणाली. माझी समजूत घातली नाही की आग्रह केला नाही. वळकटी पाठीवर घेतली आणि चालू लागली. मी तिला एकटीला जाऊ देणं शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मी पळत दामजाकडं गेलो.

"दामजा, गाडीजवळ कोणी पाहिजे. मी वर चाललो."

दामजानं गाडीकडं पाहिलं, अक्काच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहिलं. म्हणाला, "तू जा. मी गाडीमां नीजस. बायकोले बी संगे आनस. तिले सीटवर बसानी हौस शे."

आम्ही चढू लागलो. अक्काची एक रीत होती. समोरचं एक झाड ठरवायची, "त्या अंजनापर्यंत," आणि तिथं पोचलं की टेकायची. मग पुढचं झाड. वाटेत मोळ्या घेऊन उतरणाऱ्या पावरा बायका भेटल्या. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण अक्का त्यांच्याशी पाच मिनिटं बोलली आणि त्यांतली एक तिच्या हातात मूठभर चारोळ्या ठेवून गेली. वारा गार होऊ लागला. खाली तापीच्या काठचा सगळा सपाट मुलूख पसरलेला दिसू लागला. अक्का एका वळणावर उभी राहून म्हणाली, "आपलं घर इतकं लहान असंल हे मले मालूम नही होतं."

अर्ध्याच्या वर गेल्यावर तिचा गुडघा पुन्हा अडला. यावेळी उठवेचना. तिनं प्रयत्न केला, ओठ दातांत धरला, पुन्हा बसली. उजेड अजून भरपूर होता, पण खाली जायलाही तिला तेवढंच चालावं लागणार होतं. मी पहिल्यांदाच घाबरलो. तिला काही झालं तर तिच्या मुलांना मी काय सांगणार होतो? ती माझ्याकडं बघत नव्हती.

मी तिच्या वळकटीची दोरी सोडली. लुगड्याच्या त्या रुंद, मऊ पट्ट्या. वळकटी माझ्या उपरण्यानं छातीवर बांधली आणि तिच्याकडं पाठ करून खाली बसलो.

"अक्का, झोळीत नको ना? मग पाठीवर या."

"मी काय वळकटी हाये का रे?"

"वळकटीपेक्षा हलक्या आहात."

ती हसली की रडली ते मला दिसलं नाही. दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती आले. मी पट्ट्या तिच्या मांड्यांखालून घेऊन माझ्या खांद्यांवर घट्ट केल्या. उठलो तेव्हा माझेच गुडघे कुरकुरले. ती हलकी नव्हती. मी खोटं बोललो होतो, पण हे खोटं चालण्यासारखं होतं.

"माह्या लेकायनं बी मले असं कधी उचललं नही," ती कानाशी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मीच त्यायले उचलत राह्यली, त्यायले कुठी वेळ भेटला!" मग वाटभर ती मला वरून दाखवत राहिली: डाव्या बाजूला खडी आहे, तिथं पाय देऊ नको, तिकडं माकडं बघ, आता थांब, दम खा. चढावर मी गाडीला पहिल्या गिअरमध्ये ठेवून जसं बोलतो, "चल माझी बाई, आलंच, आलंच," तसं ती माझ्याशी बोलत होती.

माथ्यावर चढ एकाएकी संपला. समोर सपाट माळ, कमरेएवढं वाळलेलं गवत. हवा अशी की श्वास घेतला की थेट पोटापर्यंत गार. गवतातून वाट थोडी उतरली आणि समोर पाणी दिसलं.

माझ्या डोक्यातलं तळं याहून मोठं होतं. त्याच्याभोवती मी उंच उंच शिखरं बसवली होती. हे तसं नव्हतं. बुटक्या, झाडांनी भरलेल्या टेकड्या पाण्यापर्यंत उतरलेल्या, आणि मध्ये ते पसरलेलं, शांत. ऊन कलतं होतं. पलीकडच्या काठाशी पाणबदकांची रांग चालली होती आणि तिच्यामागं पाण्यावर एक लांब रेघ उमटत होती. कोणीही मला हे सांगितलं नव्हतं, त्या रेघेबद्दल. मी अक्काला पाठीवर घेऊन तसाच उभा राहिलो. उतरवायचं सुचलंच नाही.

"खाली ठेव रे," ती म्हणाली.

ती काठावर बसली. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं, पायांवर सोडलं. बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. तिच्या गावात एका विहिरीवर चार घरांच्या बागा भिजत. कोणाची पाळी कधी, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होई. ती म्हणाली,

"इतकं पानी, अन् कोनाचीच पाळी नही."

तोवर पलीकडून आरडाओरडा झाला. इंदूनं आम्हाला पाहिलं होतं. ती गवतातून धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. मागून आबा आले. ते आधी माझ्यावर ओरडले, मग अक्कावर, मग ते चष्मा पुसू लागले. त्या संध्याकाळी गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या भाजल्या. वरण-बट्टीची पहिली पत्रावळ आबांनी स्वतः माझ्यापुढं आणून ठेवली.

उतरताना अक्का झोळीत बसली. म्हणाली, "आता चालंल. पाहून झालं." गाडी जशीच्या तशी होती. दामजाच्या बायकोनं सीटा झाडून ठेवल्या होत्या आणि आरशाला रानफुलं लावली होती.

पण माझी नोकरी गेली. आणि ती गेली आबांनी केलेल्या स्तुतीमुळं. त्यांनी जळगावला येऊन शेठना मुद्दाम सांगितलं, तुमचा ड्रायव्हर देवमाणूस आहे, गाडी सोडून म्हातारीला पाठीवर घेऊन वर आला. शेठनी पुढचं ऐकलंच नाही. "गाडी सोडून?" एवढंच ते तीनदा म्हणाले. संध्याकाळी माझ्याकडून किल्ली घेतली. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "रघू, तुझ्यावर सोडून मी झोपत होतो," म्हणाले.

मी एका जिनिंगमध्ये ट्रकवर लागलो. कापसाच्या गाठी वाहायच्या. गाठी काही बोलत नाहीत, विचारत नाहीत, वळकटी चुकीची बांधत नाहीत. पंधरवडाभरात कंटाळलो.

एके दिवशी दुपारी माझ्या खोलीच्या दारात गोदाअक्का आणि इंदू. इंदूच्या डोक्यावर केळीचा घड. सावद्याच्या कोणा प्रवाशाकडून त्यांना कळलं होतं की गाडीवर दुसराच माणूस आहे.

"चाल माह्यासंगं," अक्का म्हणाली. मी नको नको म्हणत असताना ती रस्त्याला लागलीसुद्धा.

शेठची पेढी घराच्या ओसरीतच होती. अक्कानं घड गादीपुढं ठेवला आणि न सांगता बसली.

"शेठ, तुमी याले काढलं म्हने."

"अक्का, गाडी एकटी जंगलात. काही झालं असतं तर?"

"झालं का?"

"झालं नाही. पण झालं असतं तर?"

"अन् मी खालीच बसून राह्यली असती, अन् तसंच मरून गेली असती तर? तेबी झालं नही. ते का झालं नही, ते इचारा ना."

शेठनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "या वयात घरी राहावं माणसानं."

"घरी राह्याचं मले शिकवता? उभा जनम तेच केलं." मग तिनं आवाज खाली आणला. "शेठ, तुमी पाह्यलं का ते तळं?"

"मला कुठली सवड!"

"अन् बाईनं?"

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. शेठच्या घरच्या जमनाबेन तिथं केव्हापासून उभ्या होत्या, मला ठाऊक नाही. एरवी त्या पेढीवर कोणी असताना बोलत नसत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरची गाडी. सगळ्या जिल्ह्यानं तिच्यात बसून डोंगर पाहिला. मी तिची पूजा करते, दसऱ्याला."

अक्कानं घडातलं एक केळ तोडून जमनाबेनच्या हातात दिलं, जसं काही घर तिचंच होतं. शेठ पुष्कळ वेळ गादीची किनार बोटांनी सरळ करत राहिले.

"गाडीजवळ कोण होतं?" त्यांनी मला विचारलं.

"दामजा. पाड्यावरचा."

"विश्वासाचा?"

"माझ्याइतका तरी आहे."

"तुझ्याइतका!" शेठ पहिल्यांदा हसले. "दर खेपेला बसेल? फुकट नको, त्याची मजुरी ठरव." मग किल्ली खिशातून काढून त्यांनी गादीवर ठेवली. त्यांच्या खिशातच होती ती. नव्या ड्रायव्हरनं पहिल्याच आठवड्यात गिअर खराब करून काम सोडलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्या हिवाळ्यातली शेवटची खेप घरचीच होती. शेठ, जमनाबेन आणि त्यांच्या दोन नणंदा. शेठ पंपशू घालून आले होते. पहिल्या चढावर त्यांनी ते काढून माझ्या वळकटीला बांधले आणि पुढं चढभर दर वळणाला, "रस्ता करायला पाहिजे इथं, मोटारीचा रस्ता," असं धापा टाकत म्हणत राहिले. पुढं कितीतरी वर्षांनी तो झाला. एस.टी.चा ड्रायव्हर म्हणून मीच तिथं गाडी नेली. लोक उतरले, काठावर उभं राहून पाणी पाहिलं आणि चहा कुठं मिळेल म्हणून मला विचारलं. त्यांचं चुकलं असं नाही. त्यांना तहान लागेल इतकं चालावंच लागलं नव्हतं.

पण त्या वेळी रस्ता नव्हता, आम्ही चालतच वर पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उतरायचं ठरलेलं होतं. शेठना शुक्रवारी पेढीवर हजर राहायचं होतं. मी वळकट्या बांधून तयार ठेवल्या. तळ्यावर धुकं होतं, ते हळूहळू वर चढलं आणि पाणी उघडं पडलं. जमनाबेन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, पदर डोक्यावरून खाली आलेला, आणि तो सावरायचं त्यांना भान नव्हतं. शेठ मागं दगडावर बसून त्यांच्याकडं बघत होते.

"शेठ, निघायचं?"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "रघू, तू एकदा खाली जाऊन ये. गाडी ठीक आहे का बघ."

मी गेलो. वेड्यासारखा उतरलो. दामजा गाडीच्या पायरीवर बसून बांबू सोलत होता, सगळं ठीक होतं. तसाच पुन्हा चढलो. येईपर्यंत दुपार कलली होती. शेठ आता पाण्यात होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात हात धरून जमनाबेनना पुढच्या सपाट दगडावर नेत होते.

"ठीक आहे का गाडी?"

"ठीक आहे, शेठ."

"मग उद्या निघू."

जमनाबेन दगडावर नीट उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "परवा."

शेठनी त्यांचा हात धरूनच ठेवला. मी वळकट्या सोडल्या.